चतकोर

१

पोरगं डॉक्टर झालं म्हणून रंभाजीनं नगरच्या पेंटरकडून पाटी रंगवून आणली, आणि पोरानं ती लावायला भिंतच दिली नाही. भांडण तिथून सुरू झालं.

पाटी पत्र्याची होती. निळ्यावर पांढरी अक्षरं. डॉ. नितीन रंभाजी भिंगारदिवे, एम. डी. रंभाजी तिसरीतून उठलेला माणूस, पण एवढी ओळ तो बोट न ठेवता वाचायचा. नितीन पुण्याहून ट्रंक घेऊन आला, चहा प्याला, पाटीकडं बघून हसला आणि म्हणाला, की आत्ता दवाखाना टाकायचा नाही, सरकारी नोकरीही नको. आपल्याच कारखान्याच्या दवाखान्यात गाळपाच्या हंगामापुरता डॉक्टर पाहिजे होता, ती जागा घेतली आहे. दिवाळीनंतर रुजू व्हायचं, चैत्रात मोकळं.

त्यानं बापाला नीट समजावून सांगितलं, नाही असं नाही. तीन वर्षं एकाच वॉर्डात काढली, दोन-दोन दिवस पाठ टेकवली नाही, आता झोपेतसुद्धा कुणीतरी हाका मारतं. लगेच दवाखाना टाकला की जन्मभर त्याच खुंट्याला. त्यापेक्षा हंगामी काम बरं. यायचं, पेशंट बघायचे, निघून जायचं. बरोबरीची दोघं-तिघं पोरं असंच कुठं कुठं कुणाच्या जागेवर बसतायत.

"थोडे दिवस मला बिननावाचं राहायचंय, आबा," असं तो शेवटी म्हणाला.

रंभाजीच्या टाळक्यात गेलं ते. हंगामी म्हणजे काय हे या एम. डी.ला कुणी शिकवलं नव्हतं, रंभाजीला चौदा वर्षं शिकवलं होतं. चौदा हंगाम तो त्या कारखान्यात हंगामी होता. गाळप संपलं की भोंगा व्हायचा, सगळे हंगामी गेटवर उभे राहायचे, टाइमकीपर एकेकाचं नाव घेऊन म्हणायचा, सुटला. तो शब्द ऐकल्याशिवाय गेटबाहेर पाय टाकायचा नाही, ही रीत. एका वर्षी एक गडी तापानं फणफणला होता, शब्द न ऐकताच घरी गेला. पुढच्या हंगामाला आला तर टाइमकीपर म्हणतो, तुला कसा घेऊ, तू तर आतच आहेस. लोक हसले. रंभाजीही हसला. गडी मात्र हसला नाही, आणि त्याला परत कुणी कामावर घेतलं नाही.

पंधराव्या वर्षी रंभाजी कायम झाला, दवाखान्याचा शिपाई म्हणून, आणि बावीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाला.

"कपाळावरचं हंगामी खरवडून काढायला माझी चौदा वर्सं गेली," तो नितीनला म्हणाला. "आन् तू यवढं शिकून तेच लावून आलास. बिननावाचंच ऱ्हायचं हुतं तर उसाच्या टोळीत जायचं. तिथं पुस्तकं लागत न्हाईत."

नितीननं ट्रंक उचलली आणि कारखान्याच्या क्वार्टरला राहायला गेला. रंभाजीनं पाटी गोणपाटात गुंडाळून खाटेखाली सारली, आणि ठरवलं, या पोराच्या तोंडाकडं बघायचं नाही.

ठरवलं ते त्यानं पाळलं. पाचही महिने पाळलं. हे लक्षात ठेवा.

२

राग रागाच्या जागी, पोट पोटाच्या जागी. नितीनच्या आईनं, भामाबाईनं, दुसऱ्या दिवशी डबा भरला. तिचे गुडघे गेलेले, म्हणून डबा न्यायचं काम रंभाजीवर आलं. त्यानं शिव्या दिल्या आणि चपला घातल्या.

वस्तीपासून दवाखाना मैलभर. वाटेत बैलगाड्यांचा तळ, त्याच्या पलीकडं ऊसतोड टोळ्यांच्या पाचटाच्या कोप्या, मग मळीचा वास, मग कारखान्याची भिंत, आणि भिंतीच्या पोटाशी दवाखाना. पुढं पडवी, पडवीत पेशंटांची बाकं. आत गेलं की कंपाउंडरची खिडकी आणि दाराशी एक स्टूल. त्याच्या आत डॉक्टरची खोली: टेबल, खुर्ची, आणि खुर्चीमागं लोखंडी चौकटीवर ताणलेला हिरवा पडदा. पडद्यामागं तपासायची खाट. मागं पूर्वी एक दार होतं, ते गोदाम बांधताना विटांनी बुजवलं. विटा रंभाजीनंच वाहून दिल्या होत्या. तेव्हा आत जायची वाट एकच, आणि बाहेर यायचीही तीच.

बावीस वर्षं तो त्या दाराशी स्टुलावर बसला होता, पण पडद्यापलीकडं कधी गेला नव्हता. शिपायानं पडद्याआड जायचं नाही, असा जुन्या कायम डॉक्टरचा हुकूम होता. झाडायलासुद्धा नाही. पडद्यामागचं कोण झाडतं, हा प्रश्न बावीस वर्षांत त्याला पडला नाही. हुकूम म्हणजे हुकूम.

दुपारी एकला तो पोचायचा. आतल्या खोलीकडं पाठ करून डबा स्टुलावर आपटायचा, कालचा रिकामा डबा उचलायचा आणि चालू लागायचा. डोळ्याच्या कडेला पांढरा कोट दिसायचा, तेवढाच.

वाटेत लिंबाखाली थांबून तो डबा उघडायचा. डबा धुतलेला असायचा, आणि आत भाकरीचा एक चतकोर.

ही त्या दोघांची जुनी गोष्ट. नितीन शाळकरी होता तेव्हा तोच बापाचा डबा घेऊन यायचा, आणि परत जाताना खायला रंभाजी त्यात चतकोर ठेवायचा. पुढं पोरगं कॉलेजात गेलं, सुट्टीत घरी जेवायला बसलं की ताटात चतकोर ठेवून उठायचं आणि म्हणायचं, हा आबांचा. एकदाही कधी चुकलं नाही.

रंभाजी लिंबाखाली तो चतकोर खायचा. खाताना शिव्या द्यायचा. पण खायचा.

३

संक्रांत झाली आणि राहीबाई भेटली. पाथर्डीकडची ऊसतोडणी करणारी बाई, पोटाशी पोरगं, त्याच्या कानाला फडकं. दवाखान्यातून बाहेर पडत होती. रंभाजीला तिनं बाबा म्हणून थांबवलं आणि चिठ्ठी वाचून दाखवा म्हणाली. चिठ्ठीवर डॉक्टरी अक्षर, ते त्याच्या बापाला वाचता आलं नसतं. तो म्हणाला, खिडकीवर जा, कंपाउंडर देईल काय ते. डॉक्टरनं काय सांगितलं?

"कंच्या डॉक्टरनं?" तिनं विचारलं. "म्होरं बसतो त्यानं का मागल्यानं?"

एकच डॉक्टर हाय, तो म्हणाला.

"मव्हं पोरगं मागल्यानं बघितलं. लई हळू हात हाय. म्होरला नुसता इचारतो अन् मान हालवतो." एवढं बोलून ती खिडकीकडं गेली.

रंभाजीचं डोकं तापलं. नितीननं कुणी हाताखाली ठेवलाय की काय? स्वतः खुर्चीत बसून मान हलवायची आणि काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं? हंगामी ते हंगामी, वर कामचोर. त्या दिवशी तो डबा ठेवून लगेच निघाला नाही. दाराबाहेर पाठमोरा उभा राहिला आणि कान दिले.

आत एक म्हातारा पेशंट कण्हत होता. खुर्चीतून आवाज आला, "कवापासून?" नितीनचाच आवाज. पुण्याला शिकून आला तरी पेशंटशी गावचं बोलत होता, ते रंभाजीला मनातून बरं वाटलं. म्हातारा सांगू लागला. तो सांगायचा थांबला, तेव्हा पडद्यामागून आवाज आला, "कवापासून?"

तोच आवाज. तेवढाच हळू. म्हाताऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, जसं काही दोनदा सांगायची रीतच आहे.

पत्र्याचं छप्पर आहे, आवाज घुमतो, असं रंभाजीनं स्वतःला सांगितलं. बावीस वर्षं तो त्याच पत्र्याखाली बसला होता आणि पत्रा कधी घुमला नव्हता, हे त्याला घरी पोचल्यावर आठवलं.

४

दुसऱ्या दिवशी त्यानं कंपाउंडरला धरलं. श्रीमंत त्याचं नाव. माणूस वाईट नाही, पण बोलताना गोळ्या मोजत असतो, वर बघत नाही.

आत डॉक्टर किती आहेत, असं रंभाजीनं विचारलं. श्रीमंत म्हणाला, हंगामी डॉक्टर आहेत की. अरे पण किती? श्रीमंत म्हणाला, हंगामी डॉक्टर आहेत. रंभाजी म्हणाला, नाव घे त्याचं. श्रीमंतच्या गोळ्या मोजायच्या थांबल्या. तुमचाच मुलगा ना तो, असं म्हणून तो कसनुसा हसला आणि पुन्हा मोजू लागला. नाव त्यानं घेतलं नाही.

रंभाजीनं भिंतीवरचं हजेरीचं रजिस्टर ओढून घेतलं. नितीनची सही त्याला ओळखता यायची, मनीऑर्डरच्या पावत्यांवर पाहिलेली. दिवाळीनंतरच्या पानावर ती होती, लांब शेपटीची. पुढच्या पानावर शेपटी आखूड. जानेवारीच्या पानावर सही नव्हतीच, रोज नुसतं हंगामी असं लिहिलेलं. कार्ट्यानं स्वतःचं नाव टाकून दिलं. त्यानं रजिस्टर आपटलं.

"गेल्या साली कोन हुता हितं?" त्यानं विचारलं.

"हंगामी हुते."

"त्याचं नाव?"

"आता कुनाच्या ध्यानात ऱ्हातंय, रंभाजीदादा. तुमी यवढी वर्सं हुता, तुमाला तरी एखाद्याचं ठावं हाय का?"

रंभाजी बोटांवर मोजू लागला. कायम डॉक्टर गेल्यावर त्याच्या देखत सात-आठ हंगामी आले असतील. प्रत्येकाला त्यानं पाणी नेऊन दिलं, चहा नेऊन दिला. एकाचंही नाव आठवेना. नाव जाऊ दे, तोंड आठवेना. आठवत होता तो पांढरा कोट, आणि दुपारच्या वेळी, खोलीत पेशंट नसताना, पडद्यामागं करकरणारी खाट. उंदीर आहेत म्हणून त्यानं औषध मागवलं होतं. ते कुणी खाल्लं नव्हतं.

ते हंगामी गेले कधी, कोणत्या गाडीनं गेले, त्यांचं सामान कुणी उचललं? तो उचलायला हवा होता. शिपाई तोच होता.

म्हातारपण, तो मनाशी म्हणाला. डोक्यातलं तेल संपलं. आणि डबा ठेवून निघाला. आतल्या खोलीकडं त्यानं तेव्हाही बघितलं नाही. शब्द म्हणजे शब्द.

चतकोर होताच डब्यात.

५

एप्रिल उजाडला. ऊस संपत आला, टोळ्या कोप्या मोडू लागल्या. शनिवारी गाळप बंद, असं फळ्यावर लागलं. भामाबाई दिवस मोजत होती. नितीन आला की रागराग करायचा नाही, पाटी काढून पुसून ठेवायची, असं तिनं रंभाजीकडून कबूल करून घेतलं. त्यानं हूं म्हटलं. मनातून तोही मोजत होता.

बुधवारी एकला तो डबा घेऊन गेला तेव्हा श्रीमंत सहज बोलून गेला, की पुढच्या हंगामाचीही चिंता मिटली, हंगामी डॉक्टरांनी लिहून दिलंय, पुढल्या सालीही मीच.

बस. पाच महिन्यांचा राग एकदम वर आला. डोळ्यांपुढं लाल झालं. डबा स्टुलावर आदळून तो आयुष्यात पहिल्यांदा न विचारता आत घुसला. टेबलापलीकडं पांढरा कोट बसला होता, गळ्यात नळी. रंभाजीनं त्याचं मनगट धरलं आणि ओढलं.

"ऊठ. न्हाई करायचं पुढलं साल. ऊठ म्हन्तो."

कोट मुकाट उठला. जरासाही अडला नाही, जसा तो वाटच बघत होता. खुर्ची मागं सरकून पडद्यावर आपटली. पडदा हलला, आणि हलायचा थांबला तेव्हा त्याच्यात एक फुगवटा राहिला, माणसाच्या उंचीचा. कुणीतरी आतून कापडाला अगदी लागून उभं असावं तसा. तोंडाच्या जागी कापड आत ओढलं जात होतं आणि बाहेर येत होतं. खाली दोन अनवाणी पाय दिसले.

पेशंट, रंभाजीला वाटलं. कुणी पेशंट असेल. त्याला पेशंटशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला आपलं पोरगं न्यायचं होतं.

दवाखान्यातून फाटकापर्यंत तो पुढं बघत चालला, हातात मनगट, मागं चपलांचा आवाज. मनगट गार होतं, पण कुलरसमोर बसणाऱ्याचं असतं तसं. फाटकाशी मागचा आवाज थांबला.

"सुटलो का मी?" त्यानं मागून विचारलं.

रंभाजीनं मागं न बघताच फाटकाची कडी काढली.

"सुटलास," तो म्हणाला. "सुटला. चल."

मागून एक लांब श्वास ऐकू आला. इतका लांब, की किती दिवसांचा धरून ठेवला होता कोण जाणे.

६

घरी भामाबाईनं दारातच पाणी ओवाळून टाकलं. मग तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि तांब्या तसाच हातात धरून उभी राहिली. रंभाजी म्हणाला, वाळलाय थोडा, खाऊ घाल. तांब्या ठेवून ती चुलीकडं गेली.

तिनं शेंगोळी केली, नितीनच्या आवडीची. तो भिंतीला टेकून बसला, मान खाली घालून जेवला. सगळं जेवला. भाकरी संपली, ताट बोटानं पुसलं, बोट चाटलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. ताट इतकं स्वच्छ, की घासायला काही उरू नये. भूक लागलेली, रंभाजी म्हणाला, पाच महिने धड जेवला असेल का.

तसा तो शहाण्यासारखा वागत होता. उलट उत्तर नाही, हट्ट नाही. भामाबाई खोकली की विचारायचा, "कवापासून?" ती सांगायची. थोड्या वेळानं पुन्हा खोकली की पुन्हा विचारायचा, त्याच सुरात, जशी ही कुणी दुसरी बाई आहे. तिनं पदर तोंडाशी धरून खोकला दाबायला सुरुवात केली.

गुरुवारी संध्याकाळी रंभाजीनं खाटेखालून पाटी काढली. गोणपाट सोडलं, बाहीनं पुसली, पोरासमोर भिंतीला टेकवली. त्याच्याकडून तेवढंच माफी मागणं होत असे.

तो पुढं वाकून पाटी वाचू लागला. मग अदबीनं म्हणाला, "हे डॉक्टर कुठं बसतात?"

रंभाजीला वाटलं, टोमणा मारतोय. बाहेर अंगणात जाऊन तो एकटाच बडबडत बसला. रात्रभर.

शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी भामाबाई त्याच्याजवळ येऊन बसली. डोळे सुजलेले. आत तो पाठमोरा बसला होता, तिकडं एकदा बघून ती हळूच म्हणाली, "एक इचारू? आनताना तुमी त्याच्या तोंडाकडं बघितलं का?"

"म्हंजी काय?"

"बघितलं का, यवढंच सांगा."

रंभाजी तिच्या अंगावर ओरडला. गुडघ्यांबरोबर डोकंही गेलं म्हणाला, स्वतःच्या पोटचं ओळखत नाहीस म्हणाला. ओरडून झालं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपण उत्तर दिलं नाही. आणि आत जाऊन आत्ता बघावं, तीन पावलांवर तर आहे, हे त्याच्याच्यानं होईना.

"डबा ऱ्हायलाय दवाखान्यात बुधवारचा," तो म्हणाला. "घिऊन येतो."

७

कारखान्यात समाप्तीची पूजा होती, सगळी माणसं तिकडं. तळ रिकामा, कोप्यांच्या जागी नुसती पाचटं. पहिल्यांदाच यंत्रांची घरघर नव्हती, त्यामुळं चपलांचा आवाज मोठा येत होता. दवाखान्याच्या पडवीत श्रीमंत कुलपाची वाट बघत उभा होता. वॉचमन कानिफनाथ एकेका इमारतीला कुलूप लावत येत होता, ते आता थेट दसऱ्याला उघडायचं.

राहीबाई बाकाशी उभी होती, काखेत गाठोडं, पोरगं कडेवर. गावाकडं निघाली होती. पोराच्या कानाचं फडकं नवं, पांढरं. तिनं ओळखीचं हसून सांगितलं, की जाता जाता दाखवून आले, आता बरं आहे. सकाळीच बघितलं डॉक्टरनं.

आज सकाळी? हो, आज. मागल्यानं. म्होरली खुर्ची रिकामी आहे म्हणाली, बुधवारपासनं.

रंभाजीनं श्रीमंतकडं बघितलं. श्रीमंत म्हणाला, डबा स्टुलावर आहे, तुम्ही विसरला होता. जेवले डॉक्टर. आणि पूजेचा प्रसाद संपायच्या आत जातो म्हणून तो गेला. बाईही गेली.

डबा धुतलेला होता. हाताला ओला लागला. रंभाजीनं झाकण काढलं.

आत चतकोर.

बुधवारची भाकरी, वाळून वाकडी झालेली. पण काटकोनात मोडलेली, चार बोटांत धरून मोडावी तशी. जगात असा मोडणारा एकच माणूस होता.

त्याला फाटक आठवलं. स्वतःचं तोंड आठवलं, आणि त्यातून निघालेला शब्द. चौदा वर्षं जो शब्द ऐकायला तो गेटवर उन्हात उभा राहायचा, तो त्यानं न बघता भलत्यालाच देऊन टाकला होता. मान जराशी मागं वळवायची होती, बस. पण राग. तुझा राग जळो, रंभाजी. तुझा शब्द जळो.

तो आत गेला. खुर्ची बुधवारी सरकली होती तशीच, पडद्याला टेकलेली. टेबलावर धूळ. पडद्यामागं खाट करकरली.

"नितीन."

काही नाही.

मग तो ताठ उभा राहिला, टाइमकीपर राहायचा तसा, आणि पाटीवरची ओळ म्हटली, पुरी, बोट न ठेवता. डॉक्टर नितीन रंभाजी भिंगारदिवे, एम. डी. सुटला. आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हटली. पडदा हलला नाही. तिसऱ्यांदा तो ओरडला. बाहेर भोंगा झाला, समाप्तीचा, लांब, आणि त्यात त्याचं ओरडणं बुडून गेलं. भोंगा थांबला तेव्हा खोलीत एवढी शांतता झाली, की पलीकडचा श्वास ऐकू येऊ लागला.

"कवापासून?" पडद्यामागून आवाज आला.

मायेचा आवाज. दमलेला. कुणाही पेशंटला विचारावं तसा. त्यात ओळख नव्हती.

रंभाजी खाली बसला, टेबलासमोरच्या, पेशंटच्या स्टुलावर. बावीस वर्षांत त्या स्टुलावर तो कधी बसला नव्हता.

"पाच म्हैनं झालं," तो म्हणाला. "दिवाळीपासनं. लई राग हाय मला. डोळ्याला दिसत न्हाई रागानं. पोटच्या पोराचं तोंड बघितलं न्हाई म्या पाच म्हैनं, आन् आता म्हातारी इचारती तर सांगता येत न्हाई."

पलीकडं तो ऐकत होता. मध्ये बोलला नाही. चांगले डॉक्टर बोलत नाहीत.

"पुढं या," मग आवाज आला.

पडवीत किल्ल्यांचा जुडगा वाजला. कानिफनाथ दारातून ओरडला, आत कुनी हाय का? त्याला घाई होती, पूजेचं जेवण थंड होत होतं. पुन्हा एकदा ओरडला, हाय का कुनी, लावतो कुलूप.

रंभाजीनं ओ दिली नाही. चतकोर त्यानं तोंडात टाकला होता. वाळलेला, चावता चावत नव्हता. बाहेर दार ओढल्याचा आवाज झाला, मग कडीचा, मग कुलपाचा. खोलीतला उजेड कमी झाला.

त्यानं उठून पडद्याची कड धरली. त्याला तोंड बघायचं होतं.